मूल कोणाचे? पारोळ्यापासून परदेशापर्यंत एका प्रश्नाचा इतिहास

गेल्या कोजागिरीस दूध आटत असताना आपल्या मंडळाच्या एका भगिनीने एक प्रश्न विचारला, आणि गाण्यांच्या भेंड्या थोडा वेळ थांबल्या. त्यांची भाची लग्नानंतर नवऱ्याबरोबर विलायतेस गेली. दोघेही नोकरी करतात. दोघांचेही पासपोर्ट अजून भारताचेच आहेत. मध्यंतरी आजारपणात भाचीची गर्भाची पिशवी काढून टाकावी लागली. आता कोणी तिला सुचविले आहे की, तिसऱ्याच एका देशात जावे आणि तेथील बाईकडून सरोगसीने मूल करून घ्यावे. भगिनी म्हणाल्या, "बीज आमच्याच मुलांचे. पण नऊ महिने वाढणार दुसरीच्या पोटात, जन्मणार परक्या मुलखात. मग ते कायद्याने कोणाचे? त्याला घेऊन ही दोघे घरी येऊ शकतील ना?"

आमच्यातल्या एका आजीबाई चटकन म्हणाल्या, "हाऊ पोऱ्या कोना शे, हे इचारावर सगळं गाव उठस!" सगळ्याजणी हसल्या, पण उत्तर कोणीच दिले नाही. चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच प्रश्न माझ्या मनात घोळत होता. मी वकील नव्हे. इतिहासाची गोडी असलेली एक गृहिणी आहे. म्हणून ह्या प्रश्नाचा इतिहास जेवढा शोधता आला तेवढा भगिनींपुढे ठेवते. तो वाचून ध्यानात येईल की हा प्रश्न विमानातून आलेला नाही. तो आपल्या खानदेशाच्या मातीतही फार पूर्वी विचारला गेला आहे.

धुळ्याहून जळगावकडे येताना वाटेत पारोळे लागते. गावात जुना भुईकोट किल्ला आहे. ही जहागीर नेवाळकरांची, आणि झाशीचे राजघराणे तेही नेवाळकरांचेच. झाशीचे गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात अंथरुणास खिळले. त्यांना व लक्ष्मीबाईंना झालेला एकुलता मुलगा तान्हेपणीच गेला होता. तेव्हा त्यांनी ह्याच नेवाळकर घराण्यातील वासुदेवरावांचा पाच वर्षांचा आनंदराव दत्तक घेतला व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. विधी शास्त्रोक्त झाला. गोरे अधिकारी समक्ष हजर होते. दुसऱ्याच दिवशी, २१ नोव्हेंबरला, गंगाधरराव वारले.

पुढची हकिकत आपण शाळेत शिकलो आहोत. लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर केला आणि १८५४ साली झाशी खालसा झाली. पण एक गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही, आणि आपल्या कामाची तीच आहे. दामोदरराव गंगाधररावांच्या खासगी मिळकतीचा वारस आहे, हे इंग्रज सरकारने मान्य केले होते. गादीचा वारस मात्र तो नव्हे, असे ठरविले. म्हणजे एकच मूल, एकच आई, एकच विधी. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो पुत्र, खासगी मिळकतीपुरता पुत्र, आणि राज्यापुरता कोणीच नव्हे! दोन कायदे एका मुलाकडे पाहून दोन उत्तरे देऊ शकतात, हा धडा आपल्या पारोळ्याच्या घराण्याने पावणेदोनशे वर्षांपूर्वी शिकला. त्याची किंमत किती जबर पडली, हे सांगावयास नको.

१८५७ च्या उठावाने सरकारचे डोळे उघडले. १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना सनदा देऊन दत्तकाचा हक्क मान्य केला. ह्याचे फळ पुन्हा आपल्याच शेजारी दिसले. मालेगाव तालुक्यातील कवळाणे हे गाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. परंतु १८६९ साली नाशिक जिल्हा होईपर्यंत मालेगाव खानदेशातच मोडत असे. ह्या कवळाण्याच्या काशीराव गायकवाडांचा मुलगा गोपाळराव १८७५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, बडोद्याच्या जमनाबाई महाराणींनी दत्तक घेतला. तेच पुढे सयाजीराव महाराज झाले. ह्या वेळी दत्तकाला सरकारची संमती आधीच मिळाली होती, म्हणून कोणी त्यांच्या गादीला हात लावू शकले नाही. झाशीला दत्तक आधी झाला आणि मंजुरी मागून मागितली. बडोद्याला मंजुरी आधी आणि मूल मागून. दोन्ही मुले गुणाची, दोन्ही आयांची माया सारखी. फरक पडला तो कागद केव्हा तयार झाला ह्याचा.

राजेरजवाड्यांच्या गोष्टी सोडल्या तरी सामान्य घरांतून दत्तक होतच होते. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याने आज्ञा दिली नसली तरी दत्तक घेता येई. बंगालकडे तशी आज्ञा लागे. पण दत्तक घ्यावयाचा तो मुलगाच, आणि तोही नवऱ्याच्या नावाने पिंड पडावा म्हणून. बाईला स्वतःसाठी मूल हवे असते, ही गोष्ट कायद्याच्या ध्यानीमनी नव्हती. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोषण कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. अविवाहित स्त्री व विधवा ह्यांना स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा हक्क मिळाला. विवाहित स्त्रीला मात्र नवऱ्याच्या बरोबरीने तो हक्क मिळण्यास २०१० साल उजाडले. ह्या कायद्यात एक वाक्य फार सुंदर आहे. दत्तहोम झालाच पाहिजे असे नाही. पण देणाऱ्याने मूल प्रत्यक्ष दिले पाहिजे आणि घेणाऱ्याने प्रत्यक्ष घेतले पाहिजे. चार माणसांसमक्ष एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर मूल जाते, तेव्हाच नाते बदलते. आपल्या आज्या जे करीत होत्या तेच कायद्याने शब्दांत बांधले.

परंतु मांड्या दोन निरनिराळ्या देशांत असल्या तर काय? ही अडचण प्रथम दत्तकाच्याच बाबतीत उभी राहिली. आपल्याकडील अनाथ मुले परदेशी जोडप्यांना दिली जात. त्यांतल्या काहींचे पुढे हाल होतात, अशी तक्रार करणारे पत्र लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयास लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले आणि न्यायमूर्ती प. न. भगवती ह्यांनी १९८४ साली विस्तृत नियम घालून दिले. त्यांचे सार असे की, मूल देण्याआधी त्या घराची माहिती तेथील जबाबदार संस्थेने लिहून द्यावी, आणि मुलाला त्या देशात प्रवेश मिळेल व ते तेथे कायद्याने त्या घरचे होईल, ह्याची खात्री आधी पटवावी. पुढे १९९० साली ह्या कामासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र संस्था स्थापन झाली, आणि परदेशी दत्तकासंबंधी हेग येथे १९९३ साली झालेला करार भारताने २००३ साली मान्य केला. थोडक्यात, दत्तकापुरते जग शहाणे झाले: आधी दोन्ही देशांचा होकार, मग पाळणा.

हा शहाणपणा अजून पुरता रुजलाही नव्हता, तोच विज्ञानाने पुढचे पाऊल टाकले. देवकीचा सातवा गर्भ रोहिणीच्या उदरी गेला आणि बलराम जन्मला, ही कथा आपण कीर्तनात ऐकत आलो. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नाने, शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून एक मुलगी जन्मास आली. इंग्लंडात असे पहिले मूल १९७८ साली झाले होते. त्याच वर्षी कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांनीही ते साधले होते, पण त्यांच्या हयातीत त्यांचे कोणी ऐकले नाही. एकदा गर्भ शरीराबाहेर तयार होऊ लागला की तो कोणाच्या उदरात ठेवावा, हा निर्णय माणसाच्या हाती आला. आजवर आई कोण हे विचारावे लागत नसे. जिने प्रसववेदना सोसल्या ती आई. आता बीज एकीचे, कूस दुसरीची आणि सांभाळ करणारी कदाचित तिसरीच, असे होऊ लागले.

जळगाव-धुळ्याकडून सुरतेला जाणे-येणे आपल्याला नवे नाही. सुरतेहून पुढे गेले की दुधासाठी प्रसिद्ध असलेले आणंद लागते. २००४ साली ह्या गावी एका बाईने आपल्या मुलीची जुळी बाळे स्वतःच्या पोटात वाढवून जन्मास घातली. मुलगी विलायतेत राहात होती, तिला गर्भ धरणे शक्य नव्हते. आजीनेच नातवंडांना जन्म दिला! ही बातमी जगभर झाली. त्यानंतर परदेशी जोडप्यांची रीघ आणंदला आणि मुंबईलाही लागली. खर्च त्यांच्या देशापेक्षा कितीतरी कमी. कायदा म्हणावा तर नव्हताच. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २००५ साली काही मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, पण सूचना म्हणजे कायदा नव्हे. गरीब घरच्या बायका कर्ज फेडण्यासाठी, घरावर छप्पर घालण्यासाठी, पोरांच्या शिक्षणासाठी कूस देऊ लागल्या. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र मूल घेऊन जाणारे निघून गेल्यावर त्या बाईच्या प्रकृतीचे काय, हे विचारणारेही कोणी नव्हते.

आणि मग २००८ साल आले. एका जपानी जोडप्यासाठी आणंदला एक मुलगी जुलै महिन्यात जन्मली. बीज वडिलांचे होते, परंतु स्त्रीबीज तिसऱ्याच कोणा स्त्रीचे. मुलीच्या जन्माआधी महिनाभर नवरा-बायकोचा घटस्फोट झाला आणि बाईंनी मूल नको म्हटले. आता आई कोण? जिने वाढवले ती नव्हे म्हणते, जिच्यासाठी वाढवले तिला नको, आणि जिचे बीज ती अज्ञात. जन्मदाखल्यात आईचे नाव काय घालावे, हेच कळेना. जपान पासपोर्ट देईना, भारतात द्यावा तर आईचा प्रश्न आडवा येई. वडिलांच्या व्हिसाची मुदत संपून त्यांना परत जावे लागले. सत्तरीची आजी जपानहून आली आणि नातीला मांडीवर घेऊन येथे बसून राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 'बेबी मांजी' ह्या नावाने ते विधिग्रंथांत नोंदले गेले आहे. अखेर त्या तान्हीला पासपोर्टाऐवजी ओळखीचा दाखला मिळाला आणि जपानने माणुसकीच्या नात्याने दिलेल्या प्रवेशपत्रावर ती त्याच वर्षी नोव्हेंबरात आजीबरोबर गेली.

त्याच वर्षी जानेवारीत आणंदलाच एका जर्मन जोडप्यासाठी जुळी मुले झाली होती. जर्मनीत सरोगसीस मनाई. म्हणून तो देश मुलांना आपली मानीना. गुजरातच्या उच्च न्यायालयाने २००९ च्या नोव्हेंबरात असे ठरविले की, ज्या बाईने जन्म दिला ती भारतीय आहे, तेव्हा मुले भारतीय नागरिक होत. म्हणजे जर्मनीच्या लेखी ती भारताची आणि आई-बापांच्या लेखी आपली! दत्तकाचा मार्ग काढून ती मुले २०१० साली जर्मनीस जाऊ शकली, तोवर दोन वर्षांची झाली होती. २०१० सालीच मुंबईत एक इस्रायली पिता आपल्या जुळ्या तान्ह्यांसह कित्येक आठवडे अडकून पडला, कारण बाप-लेकांचे रक्ताचे नाते तपासण्याची परवानगी त्याच्या देशातील न्यायालयाने प्रथम नाकारली. पारोळ्याच्या दामोदररावाची आठवण येथे झाल्याशिवाय राहात नाही. एका कायद्याने पुत्र, दुसऱ्याने कोणीच नव्हे.

ह्या विषयाने मराठी माणसाच्या मनालाही हात घातला. समृद्धी पोरे ह्या वकिलीचा अनुभव असलेल्या बाईंनी 'मला आई व्हायचंय!' हा चित्रपट काढला; परदेशी स्त्री आणि तिच्यासाठी कूस देणारी मराठी बाई, ह्यांच्यामधील मूल हाच त्याचा विषय, आणि त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सरकार जागे झाले ते ह्या अडकलेल्या मुलांमुळे. २०१२ च्या जुलैत गृहखात्याने फर्मान काढले की, सरोगसीसाठी येणारे परदेशी जोडपे विवाहित स्त्री-पुरुषांचे व लग्नाला दोन वर्षे झालेले असावे, त्यांनी साध्या पर्यटनाच्या नव्हे तर वैद्यकीय व्हिसावर यावे, आणि आपला देश ह्या मुलाला आमचे म्हणून आत घेईल असे त्यांच्या वकिलातीचे पत्र आधी आणावे. भगवतींनी दत्तकासाठी १९८४ साली जे सांगितले होते तेच हे! मधली अठ्ठावीस वर्षे आपण ते विसरलो, आणि त्याचा दंड तान्ह्या मुलांनी भरला. पुढे २०१५ च्या नोव्हेंबरात परदेशीयांना भारताचे दार पुरतेच बंद झाले.

पण एक दार लावले की लोक दुसरे ठोठावतात. २०१४ साली थायलंडमध्ये एका ऑस्ट्रेलियन जोडप्यासाठी जन्मलेल्या जुळ्यांपैकी मुलगी तिकडे गेली आणि व्यंग असलेला मुलगा जन्म देणाऱ्या बाईपाशीच राहिला, तेव्हा जगभर गहजब झाला. जोडप्याने त्याला टाकून दिले नव्हते, असे पुढे तेथील न्यायालयाने म्हटले. पण तोवर थायलंडने २०१५ साली परदेशीयांना बंदी केली होती. मग ओघ नेपाळकडे वळला. तेथे कूस देणाऱ्या बऱ्याच बायका आपल्याच देशातून नेलेल्या होत्या. २०१५ च्या एप्रिलात नेपाळात मोठा भूकंप झाला, तेव्हा इस्रायलने आपल्या लोकांची तान्ही बाळे विमानाने उचलून नेली; बाळंतिणी आणि गरोदर बायका मात्र हादरणाऱ्या जमिनीवरच राहिल्या. त्याच वर्षी नेपाळनेही हे काम थांबविले. २०२० साली टाळेबंदीत युक्रेनच्या राजधानीत एका हॉटेलात ओळीने पाळणे मांडून ठेवलेली चाळीसाहून अधिक तान्ही मुले आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली. त्यांचे आईबाप निरनिराळ्या देशांत अडकले होते. भगिनींनो, प्रत्येक देशाच्या कायद्यातील प्रत्येक कलमामागे असे एखादे अडकलेले मूल उभे आहे.

आपल्या देशाचा पुरा कायदा शेवटी २०२१ साली झाला आणि २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. पैसे घेऊन कूस देणे-घेणे हा आता गुन्हा आहे. दवाखान्याने वा मध्यस्थाने तो केला तर दहा वर्षांपर्यंत कैद व दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे देऊन सरोगसी करविणाऱ्या जोडप्यालाही पहिल्या गुन्ह्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. दवाखान्याचा खर्च, विमा आणि ठरवून दिलेला खर्च एवढेच देता येते. अपत्य इच्छिणारे जोडपे विवाहित असावे. पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वर्षांचा असावा. काही अपवाद सोडता त्यांना हयात मूल नसावे. ३५ ते ४५ वयाच्या विधवेला व घटस्फोटितेलाही हा मार्ग मोकळा आहे, अविवाहितेला नाही. परदेशी स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या जोडप्याला येथे यावयाचे तर सरोगसी मंडळाची शिफारस आणावी लागते. कूस देणारी स्त्री २५ ते ३५ वयाची, लग्न झालेली वा होऊन गेलेली, स्वतःचे मूल असलेली असावी, आणि आयुष्यात एकदाच तिने हे करावे. म्हणजे आणंदच्या त्या आजीला आजच्या कायद्याने परवानगी मिळाली नसती! नियम करताना सर्वच मायेला जागा राहात नाही, हेही खरे.

त्या बाईसाठी कायद्याने जे केले ते आपण नीट ध्यानात ठेवले पाहिजे, कारण ती बाई उद्या आपल्याच वस्तीतली, आपल्याच शेतात राबणारी असू शकेल. तिला समजेल अशा भाषेत सर्व धोके सांगून तिची लेखी संमती घ्यावी लागते. गर्भ ठेवण्यापूर्वी ती केव्हाही नाही म्हणू शकते. तिच्यासाठी छत्तीस महिन्यांचा विमा उतरवावा लागतो. तिच्यावर गर्भपाताची सक्ती कोणी करू शकत नाही. आणि मूल मुलगी निघाले, व्यंग असलेले निघाले, तरी जोडप्याला ते टाकता येत नाही.

ह्या कायद्यातील सर्वांत मोलाची गोष्ट मात्र निराळीच आहे. मूल कोणाचे व कोणाच्या ताब्यात जाणार, ह्याचा हुकूम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून आधीच घ्यावा लागतो, आणि जन्मल्यावर तो हुकूमच त्याच्या जन्माचा आधार ठरतो. वैद्यकीय गरज आहे असा दाखला जिल्हा वैद्यकीय मंडळ देते. म्हणजे जळगाव-धुळ्याच्या जोडप्यास दाखल्यासाठी जिल्ह्याच्या मंडळाकडे आणि हुकुमासाठी न्यायदंडाधिकाऱ्याच्या दारी जावे लागते, आणि पाळणा बांधण्यापूर्वी नाते लिहून होते. जे झाशीला झाले नाही, २००८ साली आणंदला झाले नाही, ते कायद्याने आता बंधनकारक केले. २०२३ साली दुसऱ्याचे बीज वापरण्यास केंद्राने मनाई केली होती. २०२४ च्या फेब्रुवारीपासून वैद्यकीय मंडळाने मान्य केल्यास पती वा पत्नी ह्यांपैकी एकाचे बीज परके चालते. आईपणाची दखलही न्यायालये घेऊ लागली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ साली अध्यापन करणाऱ्या एका बाईला सरोगसीने झालेल्या मुलासाठी प्रसूतिरजेचा हक्क दिला, आणि २०२४ च्या जूनपासून केंद्र सरकारच्या नोकरीतील बायकांना, मूल घेणारीला व जन्म देणारीला दोघींनाही, १८० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते.

आता आमच्या भगिनीच्या भाचीकडे वळू. तिच्या बाळासमोर एक नव्हे, तीन कायदे उभे राहणार आहेत: जेथे ते जन्मेल त्या देशाचा, जेथे आईबाप राहतात त्या इंग्लंडचा, आणि ज्यांचे ते नागरिक आहेत त्या भारताचा. इंग्लंडच्या कायद्याने मूल कोठेही जन्मो, जिने जन्म दिला तीच आई. ती विवाहित असेल तर सामान्यतः तिचा नवराच बाप. नंतर न्यायालयाकडून मातापित्याचा हुकूम मिळवावा लागतो. त्यासाठी दोघांपैकी एकाचे तरी बीज असावे लागते, अर्ज सहसा सहा महिन्यांत करावा लागतो, आणि एकाने तरी इंग्लंड हेच आपले कायमचे घर मानलेले असावे लागते. काही वर्षे नोकरीसाठी गेलेल्या जोडप्याची गाडी येथेच अडू शकते. भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे परदेशात भारतीय आईबापांस झालेल्या मुलाची नोंद आपल्या वकिलातीत वर्षाच्या आत करावी लागते, व त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्यावे लागते. परंतु आईबाप कोण, हे कागद काय सांगतो, ह्यावर ते सारे अवलंबून. येथे साठवलेले गर्भ परदेशी न्यावयाचे तर त्यालाही राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते. आणि जेथे पैशाचा व्यवहार होणार, तेथे आपला २०२१ चा कायदा आपल्या नागरिकांना काय म्हणतो, हे जाणत्या वकिलास आधी विचारणे अवश्य आहे.

म्हणून त्या भगिनींना मी एवढेच सांगितले: भाचीला कळवा की दवाखान्याचे पत्रक सर्वांत शेवटी वाचावे. आधी तिन्ही देशांच्या वकिलांना एकेक प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी मागावे: जन्मदाखल्यावर आईच्या जागी कोणाचे नाव येईल? मूल कोणत्या पासपोर्टावर निघेल? त्या बाईला काय मिळेल, आणि तिने नाही म्हटले तर काय होईल? तिघांपैकी एकानेही "मागून पाहू" म्हटले, तर पाऊल टाकू नये. "मागून पाहू" म्हणणाऱ्यांच्या भरवशावरच ती सारी मुले अडकली होती. आणि हे सगळे जमले नाही तर दत्तकाचा राजमार्ग आहेच. तो कमी प्रतीचा कोणी समजू नये. सयाजीराव महाराजांना कोणी कमी प्रतीचे पुत्र म्हटल्याचे ऐकिवात नाही.

ह्या प्रश्नात आपल्या मंडळालाही थोडे काम आहे. मूल नसलेल्या सुनेला "वांझ" म्हणणे आपण आपापल्या घरातून बंद केले, तर निम्म्या मुली घाईघाईने परदेशीच्या दवाखान्यांना पैसे भरणार नाहीत. कूस देणाऱ्या बाईकडे आपण तिरप्या नजरेने पाहिले नाही, तर तिला आपला हक्क मागताना लाज वाटणार नाही. आणि बाळ घरी आले की त्याचे नाक कोणावर गेले ही चर्चा बारशाच्या दिवशी आवरली, तर त्याच्या आईला आपलेपणाचा पहिला दाखला आपल्याकडूनच मिळेल. कागदाचा दाखला न्यायालय देईल. हा दुसरा दाखला मात्र शेजारणींनीच द्यावयाचा असतो.

भाचीचे पत्र परवाच आले. तिने घाई सोडली आहे, आणि आधी वकिलांची गाठ घेणार आहे. तिचा पाळणा केव्हा आणि कोठे हलेल हे देवास ठाऊक. पण हलेल तेव्हा त्या बाळाला पारोळ्याच्या दामोदररावासारखे दोन कायद्यांच्या मध्ये उभे राहावे लागू नये, हीच आपणा सर्वांची इच्छा.